रस्ता सुरक्षेसाठी सरकारी निधी : अर्ज कोणाकडे, कसा व केव्हा करावा?

— ऊसविकास अधिकारी



ऊसविकास विभागाचा लेख म्हणजे बेणे, लागण, खते आणि पाणी, अशी आपली सवय. या वेळी विषय वेगळा आहे. पण फडातून निघालेला ऊस काट्यावर येईपर्यंत रस्त्यावरच असतो, तेव्हा हा विषयही आम्ही आमच्याच खात्याचा मानतो.

गेल्या गळीत हंगामात आपल्या एका गटातील फाट्यावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रात्री रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे लाल रिफ्लेक्टर नव्हता आणि फाट्यावर दिवा नव्हता. मोटारसायकलवरून घरी निघालेला आपल्याच एका सभासदाचा मुलगा मागून आदळला व जागीच गेला. पुढे गावाने अर्ज केला : "फाट्यावर स्पीडब्रेकर व लाईट मिळावी." अर्ज गट कार्यालयात बसूनच लिहिला आणि मजकूर आम्हीच सांगितला. पाच महिन्यांनी उत्तर आले, की हा रस्ता या कार्यालयाकडे येत नाही. चूक आमचीच होती. पाच महिने गेले, तेव्हा आम्ही हा विषय नीट समजून घेतला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिला प्रश्न : रस्ता कोणाचा?

पैसा रस्त्याच्या मालकामागे जातो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. याचे चांगले उदाहरण म्हणजे मीरा-भाईंदर. आपली कितीतरी मुले नोकरीनिमित्त तिकडे राहतात. ही मुळातली खाडीकाठची गावे. 1985 साली तेथे नगरपालिका झाली व 2002 साली महानगरपालिका. काशीमीऱ्याजवळून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. काशीमीऱ्याहून भाईंदर स्टेशनकडे वळले, की शहराचा रस्ता लागतो. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता तर वेळोवेळी राज्याच्या वेगवेगळ्या यंत्रणांकडे राहिलेला आहे. शिवाय शहर ठाणे जिल्ह्यात, पण 1 ऑक्टोबर 2020 पासून पोलीस आयुक्तालय मात्र पालघर जिल्ह्यातील वसई-विरारसह एकच. म्हणजे दहा मिनिटांच्या अंतरात तीन रस्ते आणि तीन दरवाजे. शहरातला शिकलेला माणूसही तेथे चुकीचे दार ठोठावतो, मग आपले काय?

आपल्याकडे हिशेब असा लावावा. गावातील रस्ता ग्रामपंचायतीचा. गावाला गाव जोडणारा ग्रामीण व इतर जिल्हा मार्ग बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. खात्री नसेल तर उपअभियंत्यांकडून रस्त्याचा क्रमांक व किलोमीटर लिहून घ्यावा. फाट्यावर दोन रस्ते मिळतात, त्यामुळे मालकही दोन असू शकतात.

पैसा कोठून मिळतो?

महामार्ग वा राज्यमार्गाच्या सुधारणेचा खर्च त्या त्या खात्यानेच करावयाचा असतो. तेथे आपण निधी मागायचा नाही, काम मागायचे. गावाकडील रस्त्यांसाठी तीन वाटा आहेत. एक, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा. ग्रामसभेत काम आराखड्यात बसवून घेतले, तरच त्यावर खर्च टाकता येतो. दोन, जिल्हा वार्षिक योजना, जी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीपुढे जाते. तीन, आमदार व खासदार निधी. खासदार निधी 1993 साली सुरू झाला व 2011-12 पासून तो वर्षाला 5 कोटी रुपये आहे. खासदार फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. "साहेब हो म्हणाले" एवढ्यावर थांबू नये.

याखेरीज प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, परिवहन व बांधकाम खात्याचे अधिकारी तेथे एकत्र बसतात. मालकीचा घोळ सोडवायला हीच जागा. म्हणून अर्जाची एक प्रत तेथे द्यावीच.

पुरावा काय द्यावा?

4 सप्टेंबर 2022 रोजी याच मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. देशभर चर्चा झाली व त्या रस्त्याच्या दोषांची पाहणी झाली. आपल्या फाट्यावरच्या मुलासाठी दिल्लीहून कोणी येणार नाही. त्याच्यासाठी कागदच बोलला पाहिजे.

राष्ट्रीय महामार्गावरील अपघातप्रवण स्थळाची व्याख्या ठरलेली आहे. सुमारे 500 मीटर लांबीत लागोपाठच्या 3 वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा एकूण 10 मृत्यू. यात बसले तर काम अग्रक्रमाने येते. पण नोंद पोलिसांत असेल तरच मोजली जाते. "आपसात मिटवलं" म्हणून सोडलेला अपघात सरकारच्या हिशेबी झालेलाच नसतो. ही आपली मोठी चूक आहे.

मागावे काय?

सरसकट स्पीडब्रेकर मागू नये. महामार्गावर तो सहसा बसवत नाहीत आणि गावाने स्वतः टाकलेला मातीचा वा डांबराचा उंचवटाच अपघात घडवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असतो, आणि त्याआधी फलक व रंगाचे पट्टे हवेत. फाट्यावर तो मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या लहान रस्त्यावर घालणे योग्य. मुख्य रस्त्यावर सूचना फलक, आडवे पांढरे पट्टे, दिवा, झुडपांची तोड आणि ट्रॉली थांबवण्यापुरती भक्कम साईडपट्टी मागावी.

अर्जाचा नमुना

"विषय : ... मार्ग क्र. ..., कि.मी. ... येथील फाट्यावर सुरक्षा उपाययोजना करणेबाबत.

महोदय, वरील ठिकाणी गेल्या 3 वर्षांत ... अपघात होऊन ... मृत्यू व ... जण गंभीर जखमी झाले (पोलीस ठाण्याची माहिती सोबत). हंगामात येथून रोज सुमारे ... ऊस वाहने जातात (कारखान्याचा दाखला सोबत). तरी संयुक्त पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे, ही विनंती. दिव्याचे वीजबिल व देखभाल ग्रामपंचायत करील. सोबत : ग्रामसभा ठराव, नकाशा, दिवसाची व रात्रीची छायाचित्रे."

वीजबिलाची ओळ गाळू नये. खांब उभा राहतो, पण बिल कोणी भरायचे ते ठरत नाही आणि दिवा वर्षभरात विझतो, असे होते. वाहनांच्या संख्येचा दाखला आमच्या गट कार्यालयातून घ्यावा.

केव्हा व पुढे काय?

अर्ज पावसाळ्यातच द्यावा. पुढील वर्षाच्या योजनेची बांधणी हिवाळ्यात होते, आणि तेव्हा आपण सगळे तोडणीत गुंतलेले असतो. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. आवक क्रमांक घ्यावा. पुढे अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा व कार्यादेश अशा पायऱ्या असतात. "काम कुठवर आलं?" असे न विचारता "कोणती पायरी झाली?" असे विचारावे. उत्तर न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. सर्वसाधारणपणे 30 दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. गावातील दोन माणसांनी हे काम अंगावर घ्यावे. सगळ्यांचे काम म्हटले, की ते कोणाचेच राहत नाही.

तोवर अपघात झालाच, तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा क्रमांक आहे. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून 2019 साली मोटार वाहन कायद्यात खास कलम घातले आहे. भिऊन बाजूला उभे राहू नये.

त्या फाट्याचा दुसरा अर्ज आम्ही योग्य ठिकाणी दिला. संयुक्त पाहणी झाली, अंदाजपत्रक झाले, मान्यता यायची आहे. आम्ही मागे लागलो आहोत. पण ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर व बाजूंना चमकती पट्टी लावायला आणि बंद पडलेली ट्रॉली रस्त्याखाली घ्यायला कोणाच्याही मान्यतेची गरज नाही. तेवढे काम पहिली मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक वाहनमालकाने उरकावे, ही कळकळीची विनंती.