नवा मोबाइल घ्यावा कीं जुनाच चालवावा?

(घरांतील सर्वांनीं मिळून वाचण्याचा धडा)

दरवर्षीं सप्टेंबर महिना आला म्हणजे अमेरिकेंतील ॲपल कंपनी आपला नवा आयफोन बाजारांत आणिते. ता. २० सप्टेंबर २०२४ रोजीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांतील त्या कंपनीच्या दुकानापुढें सकाळीं दार उघडण्याच्या कित्येक तास आधीं रांग लागली होती. अशी रांग खेड्यांत लागत नाहीं खरी. परंतु तिच्या मागची ओढ खेड्यापर्यंत येऊन पोहोंचते. तालुक्याच्या दुकानावर नवी पाटी लागते, वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात येते, आणि ज्याचा मोबाइल कालपर्यंत बरा चालत होता त्यासही तो एकाएकीं जुना वाटूं लागतो. मग घरांत वाद होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, सगळ्यांनीं घेतला." बाप म्हणतो, "आधीं खताचें बिल भागूं दे." दोघांच्याही बोलण्यांत तथ्य असूं शकतें. म्हणून हा प्रश्न रागानें किंवा हौसेनें न सोडवितां विचारानें कसा सोडवावा, हें या धड्यांत पाहूं.

१. प्रश्न नीट मांडावा

"नवा मोबाइल जुन्यापेक्षां चांगला आहे काय?" असें बहुतेक लोक विचारतात. याचें उत्तर बहुधा "होय" असेंच येतें, म्हणून हा प्रश्न निर्णयाच्या कामीं पडत नाहीं. खरा प्रश्न असा आहे: "हातांतल्या मोबाइलमुळें आमचें कोणतें काम अडतें, आणि तें काम नव्यानें सुटेल काय?"

उदाहरणार्थ, सप्टेंबर २०२३ मध्यें साधा आयफोन १५ भारतांत आला तेव्हां त्याची किंमत ७९,९०० रुपयांपासून पुढें होती. एका वर्षानें आयफोन १६ आला. त्याचीही किंमत ७९,९०० पासूनच. दोहोंचा पडदा ६.१ इंची, दोहोंत पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळां बदलतें, दोहोंचा मुख्य कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा. नव्यांत अधिक काय? प्रोसेसर जलद, छायाचित्र काढण्यासाठीं बाजूस एक वेगळें बटण, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचीं कांहीं कामें, जीं साध्या आयफोन १५ वर होत नाहींत. ज्यास या तिहींपैकीं एकाचीही गरज नव्हती, त्यास नवा घेऊन काय मिळालें? उलट नवा जाहीर होतांच कंपनीनें १५ ची किंमत १०,००० रुपयांनीं उतरविली. वस्तु काल जितकी उपयोगी होती तितकीच आज होती. उतरली ती केवळ किंमत.

वर्षावर्षाचा फरक असा थोडा असतो. परंतु तो सांचत जातो. सप्टेंबर २०२५ मध्यें आलेल्या आयफोन १७ चा पडदा ६.३ इंची असून सेकंदास १२० वेळांपर्यंत चित्र बदलतो, आणि साठवण २५६ जीबीपासून, म्हणजे १६ च्या दुपटीपासून, सुरू होते. तेव्हां गेल्या वर्षींचा मोबाइल टाकून यंदाचा घेणाऱ्यास थोडेंच मिळतें. चार-पांच वर्षांचा जुना टाकून घेणाऱ्यास पुष्कळ मिळतें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांजवळ दहा-वीस हजारांचा अँड्रॉइड मोबाइल असतो. पण तेथेंही बाजाराची चाल हीच आहे.

आतां आपल्या कामाकडे पाहूं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी शेतांत उभा राहून पिकाचें छायाचित्र काढितो व आपल्या पिकाची नोंद स्वतः करितो. ज्याच्या मोबाइलवर हें ॲप उघडतच नाहीं, किंवा शेताचें ठिकाण लागत नाहीं, त्याचें काम खरोखर अडलें आहे. पण ज्याच्या मोबाइलवर हें सर्व होतें आणि केवळ पाठीवर तीन कॅमेरे नाहींत, त्याचें काय अडलें आहे?

२. दुखणें कोठें आहे तें पाहावें

बैलाच्या पायांत कांटा मोडला म्हणून कोणी बैल विकीत नाहीं. मोबाइलचीही पुष्कळ दुखणीं अशींच कांट्याचीं असतात. त्यांत पहिलें दुखणें बॅटरीचें.

मोबाइलची लिथियम-आयन बॅटरी ही झिजणारी वस्तु आहे. प्रत्येक वेळीं भरतांना व रिकामी होतांना तिच्या आंत रासायनिक झीज होते, आणि उष्णतेनें ती झीज वाढते. भरण्याची एक पूर्ण फेरी म्हणजे शंभर टक्के वीज वापरणें. आज पन्नास टक्के व उद्यां पन्नास टक्के वापरली तर दोन दिवसांत एक फेरी झाली. आयफोन १४ व त्यापूर्वींच्या नमुन्यांची बॅटरी ५०० फेऱ्यांनंतर मूळच्या ८० टक्के शक्ति राखील, आणि १५ पासून पुढच्यांची १००० फेऱ्यांनंतर, असें ॲपल कंपनी सांगते. रोज एक फेरी धरली तर ५०० फेऱ्या दीड वर्षाच्या आंत संपतात. तेव्हां दोन वर्षांनीं मोबाइल दुपारींच मान टाकूं लागला तर त्यांत नवल नाहीं; आणि तेवढ्यानें तो टाकाऊही झाला नाहीं.

या बाबतींत एक प्रसंग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कित्येकांचे जुने आयफोन मंद चालूं लागले होते. लोकांस वाटलें, मोबाइल म्हातारा झाला. डिसेंबर २०१७ मध्यें कंपनीनें कबूल केलें कीं, बॅटरी दुर्बळ झाली म्हणजे मोबाइल अवचित बंद पडूं नये म्हणून आम्हींच त्याचा वेग कमी करीत होतों. पुढें २०१८ सालीं तिनें अमेरिकेंत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणिला. नवी बॅटरी घालतांच अशा मोबाइलचा वेग परत येत असे. ज्यांस हें ठाऊक नव्हतें, त्यांपैकीं कित्येकांनीं एका बॅटरीच्या दुखण्यापायीं सगळा मोबाइल बदलला असेल.

दुसरें दुखणें साठवण भरण्याचें. दिवसभर येणारीं शुभेच्छांचीं चित्रें व व्हिडिओ सांचून मोबाइल गच्च होतो आणि अडखळतो. तीं पुसून टाकिलीं म्हणजे पुष्कळदां तो हलका होतो, आणि त्यास पैसा लागत नाहीं. तिसरें दुखणें चार्जिंगच्या भोंकांत खिशांतला कचरा सांचण्याचें; चार्जर धरीत नाहीं म्हणून मोबाइल बदलण्यापूर्वीं तें भोंक कारागिराकडून साफ करून घ्यावें. चौथें, फुटलेली काच. हीं चारही दुखणीं दुरुस्तीचीं आहेत, खरेदीचीं नव्हेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ उघडलें, तें ग्राहकास दुरुस्तीची माहिती मिळावी यासाठींच.

३. जुनें धरून बसणें केव्हां चुकीचें

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "तर मग आमचा आठ वर्षांचा मोबाइल उत्तम!" तसें नाहीं. काटकसर हा गुण आहे. पण मोडक्या कडीच्या पेटींत पैसा ठेवणें ही काटकसर नव्हे.

मोबाइलला चालविणारी जी आज्ञावली असते, तींत वेळोवेळीं छिद्रें सांपडतात, आणि त्यांतून चोर शिरूं शकतो. कंपनी तीं छिद्रें बुजविण्यासाठीं सुरक्षेचे अपडेट पाठविते. परंतु कायमचे पाठवीत नाहीं. गूगलनें ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ साठीं आणि सॅमसंगनें जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ साठीं सात वर्षांचें वचन दिलें. २०१३ सालच्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्येंही असा अपडेट मिळाला होता. स्वस्त मोबाइलांस मात्र पुष्कळदां याहून बरींच कमी वर्षें मिळतात. म्हणून नवा घेतांना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हें विचारण्यापूर्वीं अपडेट किती वर्षें येतील हें विचारावें.

२०१६ सालीं यूपीआय सुरू झालें तेव्हांपासून मोबाइल हा पैशाचा कसा झाला आहे. दुधाचे पैसे, बचत गटाचा हप्ता, पोराची फी, सर्व त्यांतूनच जातें. सेटिंग्जमध्यें 'अबाउट फोन' किंवा सुरक्षेच्या भागांत शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख लिहिलेली असते. ती वर्षाहून जुनी असेल आणि नवा अपडेट मागूनही येत नसेल, तर त्या मोबाइलवरून बँकेचा व्यवहार हळूहळू काढून घ्यावा. ऑक्टोबर २०२३ मध्यें व्हॉट्सॲपनेंही अँड्रॉइडच्या पांचव्या आवृत्तीपूर्वींचे मोबाइल सोडून दिले. असा दिवस आला म्हणजे बदल करणें ही चैन नव्हे, गरज आहे.

येथें एक गोष्ट घरच्या कर्त्या पुरुषांस सांगावीशी वाटते. पुष्कळ घरांत बाप नवा घेतो आणि अपडेट बंद झालेला जुना आईस किंवा बायकोस देतो. परंतु बचत गटाचे पैसे तर तिच्याच हातून जातात! असें केल्यानें घरावरचा धोका टळत नाहीं. तो फक्त एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो. तसेंच, तीन मुलें एकाच मोबाइलवर अभ्यास करीत असतील तर एक महागडा नवा घेण्यापेक्षां एक साधा दुसरा घेणें अधिक शहाणपणाचें.

आतां ५जी विषयीं. भारतांत ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. तरी ४जी मोबाइल बंद पडले नाहींत. ज्या गांवीं ५जी चें जाळें पोहोंचलेंच नाहीं, तेथें केवळ त्या एका कारणासाठीं मोबाइल बदलणें म्हणजे विहिरीस पाणी लागण्यापूर्वींच पंप बसविणें होय.

४. पैशाचा हिशेब वर्षावर मांडावा

समजा, १८,००० रुपयांचा मोबाइल दोन वर्षें वापरून दुकानदारास दिला व त्याचे ४,००० आले. खर्च झाला १४,०००. म्हणजे वर्षास ७,०००. तोच मोबाइल मध्यें २,००० ची बॅटरी घालून पांच वर्षें वापरला आणि शेवटीं कांहींच आलें नाहीं असें धरलें, तरी खर्च २०,०००. म्हणजे वर्षास ४,०००. घरांत असे तीन मोबाइल असतील तर वर्षास ९,००० रुपयांचा फरक पडतो. तेवढ्यांत कित्येक घरांचें बियाणें येईल.

"पण आम्हांस बिनव्याजी हप्त्यानें मिळतो," असें कोणी म्हणेल. भारतीय रिझर्व्ह बँकेनें १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकांत बँकांस स्पष्ट कळविलें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तुच अस्तित्वांत नाहीं; तें व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपानें लपविलेलें असतें. म्हणून हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: रोख दिल्यास किती सूट मिळाली असती, प्रक्रिया शुल्क किती, आणि व्याजावरील जीएसटी कोण भरणार. या तिहींची बेरीज म्हणजेच व्याज. आणि हेंही पाहावें कीं, शेवटचा हप्ता फिटण्यापूर्वींच पुढचा नमुना बाजारांत येईल. तेव्हां मन तिकडे, आणि कर्ज इकडे, अशी स्थिति होऊं नये.

५. मधली वाट

नवा घेणें अवश्यच ठरलें, तरी तो सर्वांत नवा असला पाहिजे असें नाहीं. वर दाखविल्याप्रमाणें गेल्या वर्षींचा नमुना नव्याच्या आगमनानें स्वस्त होतो. वापरलेला घ्यावयाचा असेल तर *#०६# दाबून त्याचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक काढावा, आणि दूरसंचार विभागानें मे २०२३ मध्यें सुरू केलेल्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तो क्रमांक तपासावा. चोरीचा माल म्हणून बंद केलेला असेल तर तेथें कळतें. मूळ बिल मागून घ्यावें. आपला जुना देतांना आधीं आपलीं खातीं काढून टाकावींत व सर्व मजकूर पुसावा.

जुना मोबाइल उकिरड्यावर मात्र टाकूं नये. बॅटरी पेट घेऊं शकते, आणि आंतील विषारी धातु मातींत उतरतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटि २० लाख टन विद्युत् कचरा निघाला. त्यांपैकीं नीट गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद शेंकडा २२.३ इतक्याचीच आहे. आणखी दोन वर्षें चालणारा मोबाइल चालविणें हा त्या ढिगाऱ्यास आवर घालण्याचा सर्वांत सोपा उपाय होय.

सारांश, बदल करण्यास योग्य कारणें तीनच: सुरक्षा अपडेट बंद झाले, अवश्य काम होत नाहीं, किंवा दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किंमतीस भिडला. शेजाऱ्यानें घेतला, लग्नांत दाखवावयाचा आहे, जाहिरात पाहिली, हीं कारणें नव्हत. हौसही मनुष्यास असते, आणि शिल्लक पैशांतून केलेल्या हौसेस आम्ही दोष देत नाहीं. परंतु हौसेस गरजेचें नांव देऊन कर्ज काढूं नये.

घरांत विचारावयाचे प्रश्न

(१) आमच्या मोबाइलवर गेल्या महिन्यांत कोणतें काम अडलें? तें एका वाक्यांत सांगा.
(२) शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख कोणती?
(३) बॅटरी बदलण्यास, काच बसविण्यास किती खर्च येईल? कारागिरास विचारलें आहे काय?
(४) घरांतील पैशाचे व्यवहार कोणाच्या मोबाइलवरून होतात, आणि तो मोबाइल सर्वांत सुरक्षित आहे काय?
(५) पैसे रोख आहेत काय? नसल्यास, कोणता दुसरा खर्च मागें पडेल?

हीं उत्तरें कागदावर लिहावींत आणि आठ दिवसांनीं पुन्हा वाचावींत. खरी गरज असेल तर ती आठव्या दिवशींही तशीच उभी राहील. नुसती ओढ असेल तर ती बहुधा तोंवर ओसरलेली असेल.