प्रकाशाची मोजपट्टी

विमान उतरताना तुम्ही कधी पाहिले आहे का? चाके धावपट्टीला टेकतात आणि टायरमधून धूर निघतो. एवढ्या मोठ्या विमानाचे वजन त्या मोजक्या चाकांवर येते. टायर झिजला, की त्यावर रबराचा नवा थर चढवून तो पुन्हा वापरतात. पण टायरच्या आतले थर एकमेकांपासून सुटले असतील तर? बाहेरून काहीच दिसत नाही. असा टायर धावपट्टीवर फुटला, तर केवढा अनर्थ होईल!

हा लपलेला दोष कसा शोधायचा? वस्तूवर जोर पडला, की तिचा आकार किंचित बदलतो. एक मीटर लांबीची तार एक मिलिमीटरने ताणली, तर तिची लांबी एक हजारांशाने वाढली. या प्रमाणाला 'विकृती' म्हणतात. जिथे थर सुटलेले असतात, तिथे वरचे रबर आजूबाजूपेक्षा जास्त ताणले जाते. मात्र हा फरक इतका लहान असतो, की तिथे फूटपट्टी चालत नाही. प्रकाशच मोजपट्टी होतो.

साबणाच्या फुग्यावरचे रंग तुम्ही पाहिले असतील. प्रकाशाच्या दोन लाटा एकत्र आल्या, की कुठे उजेड वाढतो, तर कुठे कमी होतो. याला 'व्यतिकरण' म्हणतात. लेसरच्या प्रकाशात याचे उजळ आणि काळे पट्टे दिसतात. पण पूर्वी या मापनासाठी आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागत असे. टायर तर गोल आणि खडबडीत!

१९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पॉवेल आणि स्टेट्सन यांनी होलोग्रामच्या मदतीने यावर वाट दाखवली. यात वस्तूची तुलना दुसऱ्या कशाशी नाही, तर तिच्याशीच होते. आधीची ती आणि नंतरची ती! म्हणून गोलाई आड येत नाही. फक्त झालेला बदल पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. लाल लेसर समोरून टाकला, तर एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत पृष्ठभाग सुमारे ०.०००३ मिलिमीटर हललेला असतो. वळणावर मात्र प्रकाशाच्या दिशेचा हिशेब करावा लागतो. ते काम किचकट आहे.

होलोग्रामची आणखी एक अडचण होती. जरासा हादरा बसला, तरी पट्टे बिघडत. म्हणून पुढे 'शिअरोग्राफी' ही पद्धत आली. तिच्यात शेजारशेजारच्या दोन बिंदूंची तुलना होते. हादरा दोघांनाही सारखाच बसतो, त्यामुळे तो फारसा बाधत नाही.

आता टायर बंद पेटीत ठेवतात. लेसरच्या प्रकाशात कॅमेरा एक चित्र घेतो. मग पेटीतली थोडी हवा काढून घेतात. सुटलेल्या थरांमध्ये अडकलेली हवा फुगते आणि वरचे रबर अगदी किंचित उचलते. कॅमेरा दुसरे चित्र घेतो. संगणक दोन्ही चित्रे ताडून पाहतो. दोषाच्या जागी फुलपाखराच्या पंखांसारखी जोडनक्षी उमटते. मग तो दोष किती मोठा आहे ते तपासतात. दोष मोठा असेल, तर त्या टायरवर नवे रबर चढवत नाहीत.