सुट्या घटकांचे गणकयंत्र

१९४६ साली फिलाडेल्फिया येथे जगापुढे आलेल्या ‘एनिअ‍ॅक’ या गणकयंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. त्यांपैकी एकही निकामी झाली, तरी उत्तर चुकण्याचा धोका असे. म्हणून त्यातील अनेक मंडले काढता-घालता येणाऱ्या, एकसारख्या घटकांत बांधलेली होती. ० ते ९ मोजणाऱ्या दहा घटकांच्या योगे दहा अंकी संख्येचा एक संचायक बने. असे २० संचायक होते. घटक बिघडल्यास त्या जागी दुसरा बसवीत; दुरुस्ती मागाहून सावकाश होई. मात्र अशा रचनेची एक अट असते. घटकात येणारे व त्यातून जाणारे संकेत आधीच निश्चित असावे लागतात. ते निश्चित असले, की घटकाची अंतर्रचना पुढे बदलली तरी उरलेल्या यंत्राला हात लावावा लागत नाही.