चहातला केक आणि भिंतीवरचा प्लग

दुपारी चारच्या चहाबरोबर काय, हा प्रश्न डोंबिवलीत बेकऱ्यांनी केव्हाच सोडवून ठेवलाय. खारी, बटर, टोस्ट आणि पाहुणे यायचे असतील तर टुटीफ्रुटीचे लाल-हिरवे तुकडे मिरवणारा स्लाइस केक. मग घरी कशाला खटाटोप, असं आमच्याकडेही विचारून झालं. माझं म्हणणं, सुका मेवा कोऱ्या चहात रात्रभर भिजवून केलेला केक आपल्या बेकरीत मिळत नाही. वेल्समधला ‘बारा ब्रिथ’ आणि आयर्लंडमधला ‘बार्मब्रॅक’ त्याचेच भाऊबंद. त्याला लोणी नाही, फेटत बसणं नाही, वर क्रीमचा थाट नाही. एक पातेलं, एक लाकडी चमचा, झालं. नाताळात ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांतून येणारा, रममध्ये मुरलेल्या मेव्याचा केक वेगळा. त्याच्या वाटेला मी जात नाही.

कृतीकडे वळण्याआधी मात्र भिंतीकडे बघा. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नसलेली, जुन्या वायरिंगची. डोंबिवली पूर्वेला अशा इमारती पैशाला पासरी. त्या बांधल्या तेव्हा ओट्यावर मिक्सर चालला की पुरे, एवढाच विचार झालेला, त्यामुळे प्लग बारीक पिनांचा, ६ अँपिअरचा. केक भाजायचा ओटीजी, म्हणजे छोटी विजेची भट्टी, १५०० वॉटचा. २३० व्होल्टला हिशेब केला तर साडेसहा अँपिअर होतात, आणि मिक्सरसारखे दोन मिनिटं नव्हे, गरम होईपर्यंत सलग आणि पुढे तासभर पुन्हा पुन्हा. ओटीजीची पिन जाड, ती आमच्या प्लगात बसेना, तर दुकानदाराने जोडायला एक कन्व्हर्टर दिला. “चालतं हो ताई, सगळे हेच वापरतात.”

केक अर्धामुर्धा फुगला असेल-नसेल तेवढ्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. मेन स्विच बंद करून कन्व्हर्टर ओढून काढला, तर पिनांभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी पडून सुरकुतलेलं. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडून आतली तार दाखवली. बोट लावताच तिचं आवरण सुटून पडत होतं. मग मीटरच्या बोर्डापासून जाड तारेची वेगळी लाइन, १६ अँपिअरचा प्लग आणि त्याचा स्वतंत्र एमसीबी असं सगळं करून घेतलं. तेव्हा ओटीजी घेण्याआधी त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर वॉट किती ते वाचा, आणि तो एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही लावू नका. नव्या संकुलात राहणाऱ्यांनीही ओट्यावरचा प्लग खरोखर जाड पिनांचा आहे का, ते बघावं. कधी कधी तो फ्रिजमागे दडलेला असतो.

आता चहा. परदेशी कृतीत ‘कडक चहा’ लिहिलेलं असतं आणि आपण सवयीने पातेलं खदखदा उकळतो. आपली पावडर बारीक दाण्यांची, सीटीसी. ती उकळली की केक कडवट होतो. २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात दोन चमचे पावडर घालून चार मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. दूध नाही. त्या गरम चहात १२५ ग्रॅम गूळ विरघळवा आणि पुन्हा गाळा. गुळाच्या तळाशी काय काय निघतं ते एकदा बघितलं की दुसऱ्यांदा गाळायचा कंटाळा येत नाही. त्यात २५० ग्रॅम सुका मेवा घालून रात्रभर झाकून ठेवायचा.

मेव्याला पैसे सोडायची गरज नाही. तासगावचे बेदाणे धुऊन, देठ काढून निम्मे, उरलेल्यात खजूर आणि जर्दाळू. बिनबियांच्या म्हणून विकलेल्या खजुरातही एखादी बी निघतेच, तेव्हा प्रत्येक खजूर हाताने उघडून बघा. दातांच्या डॉक्टरकडे जाण्यापेक्षा स्वस्त पडतं. वसईकडची, आगाशीची सुकेळी मिळाली तर जरूर घाला. राजेळी केळ्यांची ही वाळवण चहात भिजली की जो वास येतो तो कुठल्याही इसेन्सच्या बाटलीत नाही. टुटीफ्रुटी म्हणजे पाकवलेली, रंगवलेली कच्ची पपई. ती भिजवू नका, रंग सोडते. मुलांचा हट्टच असेल तर शेवटी मूठभर.

सकाळपर्यंत मेवा बहुतेक चहा पिऊन टम्म झालेला असतो. पातेल्यात राहिलेला चहा ओतून देऊ नका, तो मोजमापातच धरलेला आहे. त्यात एक अंडं फेटून घाला. मग २०० ग्रॅम मैदा, किंवा निम्मा मैदा निम्मी कणीक, त्यात सपाट दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ चाळून मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मिश्रण चमच्यावरून वाहता कामा नये, थबकन पडलं पाहिजे. मैदा वजनानेच घ्या. कृतीतला ‘कप’ २४० मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान, आणि केक बसला की दोष मात्र अंड्याला.

बेकिंग पावडर संपली म्हणून तेवढाच खायचा सोडा घालणारे खूप भेटतात. सोडा तिप्पट-चौपट जोरकस असतो आणि त्याला आंबट काहीतरी लागतं. नाहीतर केक काळपट होतो, चवीला साबणासारखा लागतो. अंडं चालत नसेल, श्रावण असेल, तर तीन मोठे चमचे ताजं दही, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा सोडा. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत उघड्या डब्यातली पावडर मरते, कारण ओल लागली की तिचं काम डब्यातच उरकतं. चिमूटभर गरम पाण्यात टाका. फसफसली तर ठीक, नाहीतर नवी आणा.

आठ इंची लांबट टिनला बटर पेपर लावा. ओटीजी आधी दहा-पंधरा मिनिटं १७० अंशांवर तापू द्या. साधारण तास लागतो. छोट्या ओटीजीत वरची कांडी टिनच्या अगदी डोक्यावर येते, म्हणून टिन खालच्या खणात ठेवा आणि चाळीस मिनिटांनी वर अॅल्युमिनियम फॉइल पांघरा. नॉबवरच्या आकड्यावर फार विसंबू नका. मधोमध खुपसलेली विणकामाची सुई कोरडी बाहेर आली की झाला. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. आतली धग काही मिनिटं टिकते. वीज आली की पुढे भाजा आणि वेळ थोडा वाढवा. महावितरणचा देखभालीचा मेसेज आलेला असेल त्या दिवशी मात्र पिठात हात घालूच नका.

ओटीजी नसेल तर जाड बुडाची जुनी कढई, तळाशी मिठाचा जाड थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मंद आच. लांबट टिन तिथे मावत नाही, गोल डबा घ्या. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढूनच, आणि रोजच्या वापरातला कुकर नकोच. पूर्वी दिवाळीत तूप-साखर-मैदा घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, अशी सोय होती. एखाद्या जुन्या बेकरीत अजूनही विचारून बघायला हरकत नाही.

यातलं सगळ्यात कठीण काम पुढे आहे. गरम केक कापायचा नाही. घरभर वास सुटलेला असतो, कोणीतरी सुरी घेऊन उभंच असतं. पण आतला गूळ आणि मेवा अजून ओला असतो, चकती धरत नाही, चिकट लगदा होतो. पूर्ण गार करून बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला कापा. म्हणजे रविवारी हवा तर शुक्रवारी रात्री भिजवणं, शनिवारी भाजणं.

शेजारून कौतुक झालं की ऑर्डर घेण्याचा मोह होतो. घरून विकायचा तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी करा. मेव्याने जड झालेल्या या केकवर आपल्या दमट हवेत तीन-चार दिवसांत बुरशी धरू शकते, म्हणून पावसाळ्यात तो फ्रिजमध्येच ठेवा. फ्रिजमधला कडक होतो खरा, पण चकती तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी परतून घेतली की आमच्याकडे पहिल्या दिवशीच्यापेक्षा तीच आधी संपते.