माशांच्या रोगजंतूचा जीनोम : कधी वाचायचा, किती खर्चात

शेततळ्यात किंवा धरणातल्या पिंजऱ्यांत मासे मरायला लागले की हल्ली कुणीतरी सुचवतंच, ‘जंतूचं जीनोम सिक्वेन्सिंग करून घ्या.’ सल्ला वाईट नाही. पण त्याआधीच्या साध्या तपासण्या राहून गेल्या असतील तर हे पैसे पाण्यात जातात.

पहाटे, सूर्य उगवण्याआधी, पाण्यातला प्राणवायू मोजा. दिवसभरातला सर्वांत कमी आकडा तेव्हाच मिळतो. अमोनिया मोजा, कल्ले उघडून परजीवी आहेत का पाहा. तिलापिया असेल तर तिलापिया लेक विषाणूची पीसीआर आधी करून घ्या. २०१८ मध्ये हा विषाणू भारतातूनही नोंदला गेला आहे. मर विषाणूची असेल तर जिवाणूचा जीनोम कितीही नीट वाचला तरी उत्तर हाती येणार नाही. कोळंबीतल्या लवकर मरीच्या रोगातही विषारी प्रथिनांची दोन जनुकं पीसीआरने सापडतात, तेवढ्यासाठी पूर्ण जीनोमची गरज नाही. अशी एक पीसीआर साधारण १,००० ते २,००० रुपयांत होते.

यानंतरही संशय जिवाणूवरच असेल, तर सगळी भिस्त नमुन्यावर. मेलेला मासा नेऊ नका. तो कुजताना पाण्यातले भलतेच जंतू त्याच्यात शिरतात आणि प्रयोगशाळेत तेच वाढतात. मरायला टेकलेले, गोल गोल फिरणारे, डोळे बाहेर आलेले चार-पाच मासे हवेत. ते पिशवीत घालून बर्फावर ठेवा, पण गोठवू नका, आणि त्याच दिवशी पोचवा. तिथे मासा उघडून वाताशय बाजूला केलं की कण्याला चिकटलेली गडद लाल पट्टी दिसते. ते मूत्रपिंड. नमुना त्यातून घेतात. स्ट्रेप्टोकोकसचा संशय असेल तर मेंदूतूनही घ्यायला सांगा. जंतू वाढवून, शुद्ध करून, कुठलं प्रतिजैविक लागू पडतं हे चकत्यांच्या चाचणीने पाहायला सगळं मिळून दीड ते तीन हजार धरा. औषधाचा निर्णय याच अहवालावर होतो.

पुढची पायरी १६एस जनुक, म्हणजे जिवाणूची ओळख पटवायला वापरतात ते जनुक, वाचण्याची, साधारण दोन ते साडेतीन हजारांची. स्ट्रेप्टोकोकससाठी ती बहुधा पुरते. एरोमोनाससाठी पुरत नाही, कारण या कुळातल्या जातींची १६एस जनुकं फार सारखी असतात.

मग येतो पूर्ण जीनोम. डीएनएचे लहान तुकडे वाचण्याच्या पद्धतीने एका जंतूला ढोबळमानाने १० ते २० हजार रुपये, लांब तुकड्यांची जोड दिली तर २५ ते ५० हजार. वर १८ टक्के जीएसटी. विश्लेषणाचे पैसे पुष्कळदा वेगळे असतात आणि काही ठिकाणी किमान नमुन्यांची अट असते, म्हणून दरपत्रक लेखीच मागा. ‘जास्त डेटा’ म्हणून जादा पैसे देऊ नका. एरोमोनास हायड्रोफिलाचा जीनोम सुमारे ४७ लाख डीएनए-अक्षरांचा. प्रत्येक अक्षर शंभर वेळा वाचायचं तर अर्धा गिगाबेस, म्हणजे पन्नास कोटी अक्षरं, पुरतो. स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टिये जेमतेम २१ लाखांचा, त्याला त्याहून कमी.

एवढ्या पैशांत मिळतं काय? एकाच तळ्यातल्या एकाच जंतूचा जीनोम वाचून शेतकऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. पाच जणांच्या तळ्यांतले पाच जंतू शेजारी ठेवले तर चित्र बदलतं. पाचही जवळजवळ एकसारखे निघाले, मोजक्या अक्षरांचा फरक, तर ते एकाच उगमातून आलेत. मग बोटुकली कुठून आणली ते तपासा. स्ट्रेप्टोकोकसमध्ये असं वरचेवर दिसतं. उलट पाचही एरोमोनास हजारो अक्षरांनी वेगळे असतील तर बाहेरून आलेल्या साथीपेक्षा संशय पाण्यावर आणि दाटीवर घ्यावा. हे जंतू तळ्यात असतातच, मासा खचला की डोकं वर काढतात. हा फरक कळणं माझ्या मते पैसे मोजण्याजोगं आहे, कारण पहिल्या बाबतीत बीज बदलायचं असतं आणि दुसऱ्या बाबतीत माशांची संख्या कमी करायची असते. लस बनवायची किंवा निवडायची असेल तेव्हाही जीनोम कामी येतो. तिलापियात स्ट्रेप्टोकोकसचे १ए, १बी आणि ३ असे प्रकार आढळतात आणि एकाची लस दुसऱ्याला लागू पडेल याचा भरवसा नसतो.

अहवालात प्रतिजैविकरोधी जनुकांची लांबलचक यादी दिसली तर घाबरून जाऊ नका. एरोमोनासमध्ये त्यांतली काही जन्मजातच असतात. चकत्यांची चाचणी काय म्हणते ते त्याशेजारी ठेवून वाचा. आणि काहीही झालं तरी क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना हात लावू नका. ती मत्स्यशेतीत बंदी असलेली औषधं आहेत.

विचारणा कुठे करायची? वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, शिरगाव (रत्नागिरी), नागपूर आणि उदगीरची मत्स्य महाविद्यालयं. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र शुल्क घेऊन जंतूची ओळख पटवतं आणि तो जतनही करतं. माशांच्या रोगांवर देशभर पाळत ठेवणारी केंद्राची योजना २०१३ पासून आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ अ‍ॅपवर तुमच्या तळ्यातली मर कळवता येते. खाजगी कंपनीकडे जाण्याआधी हे करा.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी दरपत्रकात लिहून घ्या. पहिली, कच्च्या फास्टक्यू फायली तुम्हाला मिळतील. त्या हातात असल्या की त्यांतले तुकडे जुळवून पबएमएलएसटीसारख्या मोफत माहितीसंचांवर कोणताही जाणकार प्राध्यापक जंतू पुन्हा तपासून देऊ शकतो. दुसरी, शुद्ध केलेला जंतू ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर किमान दोन वर्षं ठेवला जाईल, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मर आली तर तो तोच जंतू की नवा, हे ताडून पाहता येईल.