दोन सेकंदांत वीस मीटर

उल्हासनगरहून अंबरनाथमार्गे बदलापूरला जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. रिक्षा, बस, टेम्पो आणि रस्ता ओलांडणारी माणसे यांची तेथे सदैव वर्दळ असते. या रस्त्यावरून एक दुचाकीस्वार ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालला आहे, असे समजू. म्हणजे एका सेकंदात तो १० मीटर पुढे जातो. इतक्यात मोबाइल वाजतो. कोणाचा फोन आहे हे पाहण्यासाठी तो दोनच सेकंद नजर खाली वळवतो. तेवढ्यात दुचाकी २० मीटर पुढे गेलेली असते. लोकलचा एक डबा साधारण एवढाच लांब असतो!

त्याने मान वर केली, तो समोर एक मुलगा! धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे आणखी १० मीटर. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर/सेकंद या दराने कमी झाला, तर गाडी थांबण्यास आणखी १० मीटर लागतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर घर्षण कमी होते. हाच दर ३ वर आला, तर सुमारे १७ मीटर लागतील.

मग कानात इअरफोन घालून बोलले तर? एक प्रयोग करा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमची बोटे न टेकवता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत, तर तुम्हांला ०.२ सेकंद लागला. आता तोंडाने सतराचा पाढा म्हणत हेच पाच-सहा वेळा करा आणि आकडे ताडून पहा. हात मोकळे असले तरी मन गुंतलेले असते. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी गाडी चालवण्यासारखे काम देऊन असे प्रयोग केले. फोन हातात असो वा नसो, बोलणाऱ्यांकडून सिग्नल दुपटीने हुकले, असे त्यांनी २००१ मध्ये दाखवले.

२०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहन चालवताना हातातला मोबाइल वापरणे हा गुन्हा आहे. नकाशा पाहायचाच असेल, तर निघण्यापूर्वी मार्ग लावून फोन पक्का बसवावा. बोलायचे असेल, तर गाडी कडेला थांबवावी.

तुम्ही अजून वाहन चालवत नसाल. पण बाबांना किंवा ताईला वाटेत फोन करणारे बहुधा तुम्हीच असता. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : "गाडी चालवता आहात का?" उत्तर "हो" आले, तर लगेच फोन ठेवा.