चिंचोटीत घर घेताना: 8 लाख नाही, 11 लाख हाताशी ठेवा

चिंचोटी नाक्यावर अहमदाबाद महामार्गाला कामण-भिवंडी रस्ता येऊन मिळतो. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला नायगाव आणि वसईची स्टेशनं. मुंबईत भाडं भरून दमलेलं कुटुंब इथे येतं, हिरवा डोंगर बघतं आणि त्याच दिवशी टोकन देऊन मोकळं होतं. टोकन देण्याआधी हा हिशोब कागदावर मांडाच.

समजा फ्लॅट 40 लाखांचा आहे. बँक 32 लाख देईल, उरलेले 8 लाख तुमचे. बहुतेकांची आकडेमोड इथेच थांबते. मुद्रांक शुल्काचा मूळ दर 5 टक्के, त्यावर अधिभार. दोन्ही मिळून 6 ते 7 टक्के धरून चाला, म्हणजे 2 लाख 40 हजार ते 2 लाख 80 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असेल तर जीएसटी: किंमत 45 लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र 60 चौरस मीटरपर्यंत असेल तर 1 टक्का, म्हणजे 40 हजार. या दोन्हींतली एक जरी मर्यादा ओलांडली तरी 5 टक्के, म्हणजे थेट 2 लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. बेरीज केली तर जीएसटी 1 टक्का धरूनही स्वतःचे 11 लाखांहून जास्त लागतात. सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, वकिलाची फी आणि पंखे-ग्रिलचा खर्च यात धरलेलाच नाही. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. घरात आधी याचा विचार करा.

साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 32 लाखांचा हप्ता साधारण 27,800 रुपये बसतो. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी हा आकडा भाड्यासमोर ठेवून बघावा. महिना 8,000 भाडं आलं तर वर्षाचे 96,000, म्हणजे 40 लाखांवर जेमतेम 2.4 टक्के. विरार-अलिबाग मार्गिका येणार म्हणून भाव चढणार, असं दलाल सांगतात. रस्ता होईल तेव्हा होईल. त्याची किंमत आजच मोजू नका, मला तरी ते पटत नाही.

पैशांपेक्षा मोठी काळजी कागदांची. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. तिथल्या कुटुंबांनीही पैसे मोजूनच घरं घेतली होती. ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली, 17 माणसं गेली. म्हणून इथे स्वस्त खोली दाखवली की पहिला प्रश्न जमिनीचा विचारायचा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. तो स्वतः काढा, दलालाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. वसईच्या पूर्व पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी आहेत; सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात कलम 36 किंवा 36 अ चा शेरा दिसला तर सरकारी परवानगीचा आदेश मागा, आणि तो नसेल तर तिथून उठा. डोंगराकडच्या जागेला वनखात्याची किंवा तुंगारेश्वर अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राची अडचण नाही ना, तेही तपासा. बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र या चारही कागदांची महापालिकेत किंवा संबंधित कार्यालयात जाऊन खातरजमा करा, कारण शिक्केही खोटे असू शकतात.

घरपट्टीची पावती किंवा विजेचं बिल म्हणजे परवानगी नव्हे. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेली चाळीतली खोली कायद्याने तुमच्या नावावर होतच नाही. नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक स्वतः तपासा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

आता रोजचं. जूचंद्र आणि कामण रोड ही स्टेशनं जवळची खरी, पण ती वसई-दिवा मार्गावर आहेत आणि तिथे गाड्या मोजक्याच. चर्चगेटकडे जाणाऱ्याला रिक्षाने नायगाव किंवा वसई गाठावं लागतं. एका बाजूला 40 रुपये पडले तर 25 दिवसांचे 2,000. कमावते दोघे असतील तर 4,000. लोकलचा पास वेगळा. गाडीने जाणाऱ्यांना ऑक्टोबर 2024 पासून दहिसरचा टोल नाही, पण घोडबंदर ते वर्सोवा पूल या टप्प्यात अडकलात तर वेळेचा भरवसा उरत नाही.

पाण्याचं मात्र खोदून विचारा. सूर्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारच्या वाट्याला दिवसाला 185 दशलक्ष लिटर पाणी आहे. ते तुमच्या इमारतीच्या टाकीत येतं का, हा प्रश्न वेगळा. सोसायटीचं मे महिन्याचं बिल मागून टँकरवर किती गेले ते पाहा. वॉचमनला, खालच्या दुकानदाराला विचारा. ते खरं सांगतात.

आणि घर एकदा तरी जुलैत, भर पावसात, संध्याकाळी सात वाजता स्टेशनवरून रिक्षा करून पाहा. जमलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही बरोबर न्या.